गोठ्यात कोण शिरणार

तिला सगळे सुई म्हणायचे. मेंढीला तारेनं फाडलं, एडक्यानं शिंग मारलं, की ती डॉक्टरची वाट बघायची नाही. वाकडी सुई आणि जाड दोरा घेऊन मांडी घालून बसायची आणि पोत्याचं तोंड शिवावं तशी कातडी शिवून टाकायची. नावामागचं हे एक कारण. दुसरं कारण तिच्या तोंडी लागलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझं शेत तिच्या कुरणाला लागून असल्यामुळे मला ते जरा जास्तच माहीत होतं. मी ट्रॅक्टर सुरू केला की भिंतीपलीकडून आवाज आलाच म्हणून समजा, "ते डबडं बंद कर, माझ्या गाभण मेंढ्या बिथरतात!" आधीच सांगून टाकतो, मी तिच्या बाजूचा माणूस नाही. आमचं कधी पटलं नाही.

तिचे वडील मेंढ्या पाळायचे. धाकटा भाऊ मिसरूड फुटताच शहरात गेला आणि वेल्डिंगच्या कारखान्यात लागला. सुई वडिलांजवळ राहिली. तिच्या लग्नाचं काय, असं विचारायला एकदोघं गेले होते. ते परत आले तेव्हा त्यांचे चेहरे असे होते की तिसरा कुणी गेला नाही. दोन खोल्या, मागं पत्र्याचा लांबट गोठा, त्यापुढं दगडी भिंतीचं आवार आणि मग कुरण, एवढ्यात तिचं वय पन्नाशीला टेकलं.

कुत्रा वडिलांनी आणला. डोळे उघडले न उघडले तोच त्यांनी ते पिल्लू थेट गोठ्यात कोकरांच्या मधे सोडलं आणि घरात कुणी त्याचे लाड करायचे नाहीत अशी तंबी दिली. ते कोकरांच्या उबेत वाढलं, मेंढ्यांच्या लाथा खात मोठं झालं. आपण मेंढीच आहोत, फक्त आपले दात जरा बरे आहेत, अशी त्याची समजूत असावी. पुरता वाढला तेव्हा तो मळकट पांढऱ्या रंगाचा, जाड मानेचा, वासराएवढा कुत्रा झाला होता. माणसाच्या हाताला येत नसे. शेपूट हलवत नसे. दिवसभर कळपाच्या कडेला पडून असायचा आणि झोपलाय असं वाटावं इतका निवांत दिसायचा. पण कुणी परका आवाराच्या फाटकाशी आला की तो उठून माणूस आणि मेंढ्या यांच्यामधे येऊन उभा राहायचा. भुंकत होता तोवर ठीक. भुंकणं थांबवून मान खाली घातली, की माणसानं मागच्या मागं सरकावं. कोल्हा आला, भटकं कुत्रं आलं, तरी तो हद्दीपलीकडं पाठलाग करत नसे. तिथवर हाकलून परत यायचा आणि एकेका मेंढीचा वास घेत फिरायचा.

सुईनं आयुष्यभर सगळ्यांना नावं ठेवली, पण या कुत्र्याला नाव ठेवलं नाही. "ए" म्हटलं की तो बघायचा. दोघांचं तेवढ्यावर भागत होतं.

वडील गेले आणि धाकटा बायकोला घेऊन परत आला. कारखाना आता जमत नाही म्हणाला, माझा अर्धा वाटा दे म्हणाला. सुईनं त्याला दारातच उभं केलं.

"इतकी वर्षं मेंढीच्या लेंड्या कशा दिसतात ते विसरला होतास. आता बरी आठवण झाली!"

"ताई, कायद्यानं अर्धं माझं आहे."

"कायद्याला सांग, पहाटे उठून चारा घालायला."

शेवटी त्यांच्या काकांना मधे पडावं लागलं. घराची एकेक खोली झाली. आवाराच्या आणि कुरणाच्या मधोमध तारेचं कुंपण आलं, गोठ्यात पत्र्याचा आडोसा आला. मेंढ्यांच्या पाठीवर रंगाचे पट्टे मारले, तिचा लाल, त्याचा निळा. रंग मारताना सुई एकेक मेंढी अशी पुढं ढकलत होती की जणू लेक सासरी धाडत्येय आणि सासरचे लोक चोर आहेत. कुत्र्याचा विषय निघाला तेव्हा धाकटा हसला. "तो तुझ्याकडंच ठेव. माझ्याकडं कुलूप आहे."

कुलूप त्यानं आपल्या बाजूच्या फाटकाला बाहेरून लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काढून तो चाऱ्याचा भारा घेऊन आत निघाला, आणि फाटकात त्याच्यासमोर कुत्रा उभा. रात्रीतून तारेखालची माती उकरून तो पलीकडं गेला होता. अर्धा कळप तिकडं आहे, एवढंच त्याला कळत होतं. काकांनी काय ठरवलं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. धाकटा शहरात असताना हा जन्माला आलेला. त्याच्या हिशेबी हा कुणी परका माणूस मेंढ्यांकडं चालला होता.

धाकट्यानं दरडावलं. कुत्रा भुंकला. धाकटा एक पाऊल पुढं आला. कुत्र्यानं भुंकणं थांबवलं.

भारा तिथंच टाकून तो बहिणीच्या दाराशी आला. "तुझा कुत्रा मला माझ्याच गोठ्यात जाऊ देत नाही!"

सुई दात घासत होती. तिनं सावकाश चूळ भरली. "तो गोठा तुझा आहे असं त्याला वाटत नसेल."

त्या दिवसापासून रोजचा तमाशा सुरू झाला. मेंढ्या उपाशी ओरडायला लागल्या की धाकट्याला बहिणीला हाक मारावी लागायची. ती ऐकू न आल्यासारखं करायची. मग केस विंचरायची, मग चहा प्यायची. मग कुंपणाशी येऊन "ए" म्हणायची. कुत्रा तारेखालून अलीकडं यायचा, तेवढ्यात धाकटा चारा टाकून घ्यायचा. पाठ वळली की कुत्रा परत तिकडं. धाकट्यानं खड्डा बुजवला, कुत्र्यानं दुसरा उकरला. दगड लावले, तर त्यानं कुंपणावरून उडी मारली. मी भिंतीवरून बघायचो. सुईच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

धाकट्याची बायको यात कुठंच बोलत नव्हती. बारीक अंगाची, शहरातल्या बंद खोलीत राहून फिकी पडलेली बाई. सुई तिला 'बाईसाहेब' म्हणायची, तेही ती समोर असताना, दुसऱ्या कुणाला सांगितल्यासारखं. "बाईसाहेबांना वास येतो म्हणे आपल्या मेंढ्यांचा." खरं म्हणजे तिनं तसं कधी म्हटलंही नव्हतं. ती रोज दुपारी घरातलं काम घेऊन फाटकाबाहेर, कुत्र्याकडं पाठ करून बसायची. कधी शेंगा सोलायची, कधी नवऱ्याचे कपडे शिवायची. कुत्र्याच्या डोळ्यांत बघायची नाही, त्याला बोलवायची नाही, खायला टाकायची नाही. आधी तो तिच्या पाठीवर भुंकायचा. मग नुसता उभा राहायला लागला, पुढं पुढं पडून राहायला लागला. एक दिवस ती टोपली घेऊन फाटकाच्या आत बसली. मी श्वास रोखून बघत होतो. कुत्र्यानं तिची टोपली हुंगली, तिचे पाय हुंगले, आणि तिच्यावरून नजर काढून परत रस्त्याकडं लावली.

हे सुईनंही पाहिलं. त्या दिवशी तिनं कुत्र्याला उगाचच शिव्या घातल्या.

धाकट्याला मात्र धीर नव्हता. वेल्डिंगचा माणूस तो, लोखंडाला चटका दिला की ते वाकतं एवढंच त्याला ठाऊक. एके सकाळी तो सळई घेऊन आत घुसला आणि कुत्रा समोर येताच त्यानं ती फिरवली. कुत्र्याचा कान फाटला. तरी तो हटला नाही. धाकटाच मागं पळाला, आणि पळताना त्याच्या विजारीचा एक पाय आतच राहिला.

सुईनं कुत्र्याचं डोकं मांडीत दाबून धरून कान शिवला. मग तशाच रक्ताच्या हातांनी ती भावाच्या दारात गेली.

"पुढच्या वेळी तुझा कान शिवीन. आणि त्याआधी मीच तो फाडीन."

"बांधून ठेव त्याला!" धाकटा आतून ओरडला. "उद्यापासून तो माझ्या हद्दीत दिसला तर मांसात विष घालून टाकीन! मग शिवत बस!"

हे नुसतं बोलणं नव्हतं. सुईला ते कळलं. तिनं जुनी साखळी काढली, आपल्या बाजूच्या लोखंडी खांबाला अडकवली आणि कुत्र्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा घातला. उभ्या आयुष्यात त्याला कधी बांधलेलं नव्हतं. मग तिनं मला हाक मारली, मी भिंतीशी नेहमीचाच.

"बघितलंस ना? त्यानं सांगितलं म्हणून बांधलंय. पुढं काही झालं तर साक्षीला ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. मी गाईला पाणी दाखवत होतो. रस्त्याकडच्या कत्तलखान्याच्या उकिरड्यावर पोसलेली भटकी कुत्री आमच्याकडं कधीमधी यायची, पण या कुत्र्याच्या आवाजापुढं ती कुंपणाशी थांबत नसत. त्या दिवशी त्यांना समोर कुणी दिसलं नाही. ती धाकट्याच्या कुरणात शिरली. मला दिसलं काहीच नाही, पण मेंढ्या एकदम पळाल्या की जमिनीतून जो आवाज येतो तो ऐकू आला. आणि मग साखळीचा आवाज. कुत्रा खांब उपटायला निघाला होता.

मी काठी घेऊन भिंतीवरून उडी मारली. सुई खांबाशी उभी होती. तिचा हात साखळीच्या कडीवर होता. ती कडी उघडत नव्हती.

पलीकडून धाकटा धावत आला. "सोड! ताई, सोड त्याला!"

"काल काय म्हणालास?"

"ताई, मरतायत त्या!"

"काल काय म्हणालास, ते परत म्हण."

"अगं मेंढ्या मरतायत!"

"तुझ्याच ना?" सुई म्हणाली.

मी तिला बरंच काय काय बोललो असेन, आता आठवत नाही. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. तेवढ्यात धुक्यातून एक मेंढी ओरडली. मेंढी सहसा अशी ओरडत नाही. बहुतेक वेळा ती मुकाट्यानं मरते. ही म्हातारी, घोगऱ्या आवाजाची मेंढी होती. तिची आई तिला जन्म देताना गेली, तेव्हा सुईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. वाटणीत ती निळ्या पट्ट्यात गेली होती. सुईचा चेहरा माझ्यासमोर उतरला. तिनं कडी दाबली, पण कुत्र्यानं साखळी इतकी ताणली होती की कडी हलेना. ती त्याला मागं ओढायला लागली. मीही ओढलं. दोघांच्यानं तो एक वीतही मागं येईना. ती ओरडत होती, "मागं ये! अरे मेल्या, मागं ये, सोडतेय ना!"

शेवटी पट्टाच निसटला. कुत्र्यानं मान आत ओढून डोकं बाहेर काढलं आणि शिवलेला कान परत फाडून घेऊन तो तारेवरून पलीकडं गेला.

आम्ही कुंपण ओलांडून पोचलो तोवर झटापट संपत आली होती. पण मला धुक्यात पहिली दिसली ती धाकट्याची बायको. ती कळपाच्या मधोमध उभी राहून लोखंडी बादलीवर पाण्याचा तांब्या बडवत होती. बादली पार चेपली होती. तिच्या पोटरीतून रक्त येत होतं. एक कुत्रं तिच्यावर आलं होतं, आणि ते आता पुढं निपचित पडलं होतं. ते तिनं मारलं की आमच्या कुत्र्यानं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाकीची पळाली. आमचा कुत्रा हद्दीपर्यंत गेला, तिथं थांबला आणि लंगडत परत आला. त्या बाईच्या अगदी जवळून गेला, तिच्याकडं न बघता, जसा तो मेंढीजवळून जातो तसा. मग घरातून सळई आणायला गेलेला धाकटा धावत आला, आणि कुत्रा वळून त्याच्यावर गुरगुरायला लागला. बिचारा लांबच उभा राहिला.

म्हातारी मेंढी मेली होती. आणखीही काही मेल्या होत्या. काही फाटलेल्या, पण जिवंत होत्या. सुईनं घरातून सुई-दोरा आणला आणि वाटणी झाल्यापासून पहिल्यांदाच ती भावाच्या हद्दीत खाली बसली.

"पाय धर," ती भावजयीला म्हणाली. "घट्ट. बाहुली धरल्यासारखी काय धरतेस?"

"मी घट्टच धरलंय. तुमचाच टाका वाकडा पडतोय."

सुईनं आणखी दोन टाके घातले.

"उशीर केलात," भावजय म्हणाली.

"हो."

"मुद्दाम."

"मुद्दाम," सुई म्हणाली. "दोरा तोड."

माफी तिनं मागितली नाही आणि भावजयीनंही ती मागून घेतली नाही. एक झाली की दुसरी, अशा त्या दुपारपर्यंत शिवत बसल्या. शेवटी सुईनं भावजयीची पोटरी ओढून पुढं घेतली, तेव्हा भावजय म्हणाली, "मला डॉक्टरकडं जायचंय," आणि लंगडत निघून गेली.

धाकट्यानं बहिणीला कोर्टात खेचायच्या, हातपाय तोडायच्या गोष्टी केल्या आणि चार दिवसांनी, उरलेल्या मेंढ्या विकून परत शहरात जायचं, असं ठरवलं. भर दुपारी व्यापारी गाडी घेऊन आला. गाडीची फळी खाली पडली, आणि कुत्रा फाटकात येऊन उभा राहिला. मान खाली, आवाज बंद.

"ताई, बोलव त्याला."

सुई कुंपणाच्या अलीकडं उभी होती. "नाही बोलवत."

"माझ्या मेंढ्या आहेत!"

"आहेत ना. मग आत जा आणि घे."

व्यापाऱ्यानं कुत्र्याकडं पाहिलं, सुईकडं पाहिलं आणि गाडीच्या पायरीवर चढून उभा राहिला. "मी जनावरं घेतो बाबा, भांडणं घेत नाही."

तेव्हा धाकट्याच्या ध्यानात आलं. तो बायकोकडं वळला. "तू जा. तुला तो जाऊ देतो. तू हाक बाहेर."

ती गेली. कुत्रा तिच्यासाठी बाजूला सरकला. सुईचा चेहरा पांढराफटक पडला, कारण आता तिच्या हातात काहीच राहिलं नव्हतं. त्या बाईनं फाटक आतून लोटून घेतलं, कडी लावली, आणि ती आतूनच म्हणाली, "मी नाही हाकणार."

"काय?"

"मी त्या खोलीत परत येणार नाही. खिडकी उघडली की समोरच्याची भिंत. तुम्ही सकाळी जायचात ते दिवेलागणीला यायचात, आणि यायचात तेही झोपायला. इथं तुमची बहीण मला दिवसभर शिव्या देते. पण निदान कुणीतरी बोलतं तरी माझ्याशी!"

धाकटा बराच वेळ ओरडला. ती मेंढ्यांच्या पायांतले काटे बघत बसली. व्यापाऱ्यानं घड्याळ बघितलं, फळी वर केली. शेवटी धाकटा घरात गेला, पिशवी भरून आला आणि व्यापाऱ्याच्या शेजारी जाऊन बसला. मेंढ्या न्यायला आलेल्या गाडीतून तो एकटाच गेला.

गाडीची धूळ खाली बसल्यावर सुई कुंपणाजवळ आली. "माझ्यावर उपकार केलेस असं समजू नकोस."

"तुमच्यासाठी नाही केलं."

"मग बरं. आणि कडी उलटी लावल्येस. एडका शिंगानं उघडेल."

"बघेन मी."

धाकटा आता सुटीला येतो. बायको फाटकाबाहेर येऊन त्याच्याशी बोलते, त्याचे कपडे धुऊन देते. आत मात्र तो अजून गेलेला नाही. कुंपण आहे, पण कुत्र्याचा पाय कायमचा अधू झाल्यावर दोघींपैकी कुणीतरी एका रात्री मधली तार कापली. कुणी, ते दोघीही सांगत नाहीत, एकमेकींचं नाव घेतात. चाऱ्यावरून, पाण्यावरून, कोकरू कुणाच्या मेंढीचं यावरून त्यांचं रोज वाजतं. लोकर कातरायच्या दिवसांत तर माझ्या ट्रॅक्टरचाही आवाज त्यात बुडून जातो.

गेल्या महिन्यात माझं वासरू दावं तोडून त्यांच्या कुरणात गेलं. मी आणायला गेलो, तर ते मेंढ्यांमधे बसून रवंथ करत होतं आणि कुत्रा त्याचा कान चाटत होता. मला बघताच तो लंगडत उठला आणि मधे येऊन उभा राहिला.

"अहो, माझं वासरू आहे ते!" मी ओरडलो.

दोघी गोठ्याच्या दारात चहा पीत बसल्या होत्या. दोन वेगवेगळ्या दगडांवर, एकमेकींकडं पाठ करून.

"एवढं तुझं होतं तर बांधून नीट ठेवायचंस," सुई म्हणाली.

"दावंसुद्धा कुजकं वापरता," भावजय म्हणाली. "जनावराचे हाल."

"बघ ना. पोसायची अक्कल नाही."

"आणि वर ओरडतायत."

मी फाटकाबाहेर उभा राहिलो. त्यांनी सावकाश चहा संपवला, मग किटलीत उरलेला परत कपांत ओतून घेतला.